रथसप्तमीची ओहोटी

मुलुंड (पूर्व)
२६ जानेवारी २०२६

चि. शर्मिष्ठा हिस,
अनेक आशीर्वाद. अण्णांना माझा नमस्कार सांग. त्यांच्या गुडघ्याला तेल लावणं चालू आहे ना, ते कळव. ते 'लावलं' म्हणतील, पण बाटली बघ. मी इकडे ठीक आहे. तुळसही ठीक आहे. फोनवर तू आधी तुळशीची चौकशी करतेस आणि मग माझी, हे माझ्या लक्षात आलेलं आहे.

सकाळी सोसायटीचं झेंडावंदन झालं. झेंड्याची गाठ काही केल्या सुटेना, आणि सुटली तेव्हा सगळी फुलं सेक्रेटरी चंद्रप्रकाशजींच्या टकलावर पडली. ते त्याच अवस्थेत पाण्याच्या टाकीवर भाषण करत राहिले. मटार स्वस्त झालाय. परवा सोलून डब्यात भरून ठेवला, तू आल्यावर उसळ करू.

काल संध्याकाळपासून तुझे दोन फोन येऊन गेले आणि दोन्ही वेळा मी 'दमलेय गं, उद्या बोलू' म्हटलं. दमले होते हे खरं. पण फोनवर मी काय करते ते तुला ठाऊक आहे. तू विचारशील, कालचा दिवस कसा गेला, मी म्हणेन झकास, आणि मग आपण मटारावर येऊ. म्हणून कागद घेऊन बसले. उद्या पोस्टात टाकीन.

तू माहेरी, देवरुखला अण्णांकडे निघालीस त्या दिवशी चपलेचा पट्टा लावता लावता म्हणालीस, "आई, रविवारी बोटीवर ओजस तुमच्याशी बोलणार आहे. आमच्या दोघांबद्दल. तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला, मी पुन्हा काढणार नाही." आणि लिफ्टमध्ये शिरलीस. इतकी मोठी गोष्ट कोणी चपलेकडे बघत सांगतं का? मी दार लावलं, कुकर बंद केला आणि तिथेच स्वयंपाकघरात स्टुलावर बसले. माझ्या श्रेयसला जाऊन चार वर्षं झाली. तू आज ना उद्या असं काही सांगशील हे मला कळत नव्हतं असं नाही. ते ओजस असेल हेही कळत होतं. दर रविवारी आपला गीझर बिघडतो कसा, आणि तो नाहूरहून येऊनच दुरुस्त का करावा लागतो, एवढं समजण्याइतकी मी हुशार आहे.

तर त्या बोलण्याचं काय झालं ते सांगायलाच हे पत्र आहे. पण मी क्रमाने लिहिणार. वर्गात मला मधलं पान गाळून पुढे गेलेलं चालायचं नाही, आताही चालत नाही.

काल पहाटेच ओजस गाडी घेऊन आला. मालाडजवळ मार्व्याला पोचलो तेव्हा सुयोग आणि त्याची श्रुतिका कांदिवलीहून येऊन थांबलेच होते. 'मधुवंती' खाडीत उभी होती. श्रेयस, ओजस आणि सुयोगने मिळून ती जुनी शिडाची बोट घेतली तेव्हा मी केवढी कटकट केली होती, आठवतं ना? श्रेयस दर हिवाळ्यात म्हणायचा, आई एकदा चल, आणि मी म्हणायचे, पुढच्या रविवारी. बोट इतकी लहान असेल असं मला वाटलं नव्हतं. आपल्या स्वयंपाकघराएवढी जागा, मध्ये डोलकाठी, मागे सुकाणू. आत शिरायला एक बुटकी खोली, तिथे माणूस वाकूनच बसतो. ओजसने मला लाइफ जॅकेट घातलं, पट्टे आवळले आणि तपासले. मग पुन्हा तपासले.

शर्मिष्ठा, मी अठ्ठावीस वर्षं मुलांना खारे वारे आणि मतलई वारे शिकवले. फळ्यावर जमीन काढली, समुद्र काढला, बाण काढले. ते बाण खरे असतात हे मला काल कळलं. सकाळचा गार वारा जमिनीकडून आला, शीड भरलं आणि इंजिन बंद करून आम्ही खाडीच्या तोंडातून बाहेर पडलो. काही आवाजच नाही. नुसतं पाणी बोटीला घासून जातं तेवढं ऐकू येतं. मनोरी मागे गेलं, मग गोराईच्या पगोड्याचा सोनेरी कळस दिसायला लागला. रथसप्तमीचा सूर्य वर आला तसे मी हात जोडले. श्रेयसची आठवण आली आणि मी रडले नाही. मला छान वाटलं, आणि छान वाटल्याचं वाईटही वाटलं नाही.

आता कबूल करायचं ते करते. मी ठरवून गेले होते की ओजसला बोलूच द्यायचं नाही.

नाही हा शब्द माझ्या तोंडातून निघत नव्हता आणि हो म्हणवत नव्हतं. त्याने विचारलंच नाही तर दोन्हीतून सुटका. म्हणून मी सारखी बडबडत होते. तो माझ्याजवळ येऊन बसला की मी तिळाचा लाडू त्याच्या हातात द्यायची. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो, आज शेवटचा दिवस, खा. त्याने किती लाडू खाल्ले असतील बिचाऱ्याने. "बाई, मला जरा..." असं त्याने सुरू केलं की मी विचारायची, तो दीपस्तंभ कुठला, ती होडी कुठली, हा पक्षी कुठला. तिकडे श्रुतिकाला बोट लागली होती. ती आत आडवी झाली होती आणि सुयोग तिला लिंबू हुंगायला देत होता. म्हणजे बाहेर आम्ही दोघंच. माझी बडबड तरी कुठवर पुरणार?

म्हणून मी दिवसच आखूड करायचं ठरवलं. त्यांचा बेत होता दुपारपर्यंत बाहेर राहायचं, डबे तिथेच उघडायचे आणि पाणी चढल्यावर खाडीत शिरायचं. मी म्हटलं, डुलत्या बोटीत मला घास जायचा नाही. आपण लवकर परत फिरू, खाडीत नांगर टाकू आणि शांतपणे जेवू. ओजस म्हणाला, त्या वेळी खाडीत पाणी... मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, मला पाण्याचं सांगतोस? माझे वडील वेंगुर्ल्याचे. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, की पाण्याची वेळ मिळते. तुम्हाला सातवीत शिकवलंय मी. आज सप्तमी, म्हणजे सव्वापाच. सव्वापाचला ओहोटी झाली, म्हणजे अकराच्या सुमाराला खाडी काठोकाठ भरलेली असणार.

ओजस माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे बाई," आणि त्याने बोट वळवली.

तुझ्या लक्षात आलंच असेल, तू कोकणातली. पाऊणपट करून येते ती भरतीची वेळ. मी ओहोटीची धरली. इतकी वर्षं शिकवलेलं गणित काल माझ्या तोंडून उलटं आलं, कारण मला अकरा वाजता घराकडे निघायचं होतं आणि त्यासाठी अकराला भरती हवी होती. हवं ते उत्तर आधी ठरवून मग गणित मांडणाऱ्या मुलांना मी बाकावर उभं करायची.

खाडीच्या तोंडाशी आलो. वारा पडला होता, म्हणून इंजिन लावलं होतं. पाण्याचा रंग मातकट झाला, बाजूला ओल्या वाळूची पाठ उघडी पडलेली दिसली, आणि मी विचारणारच होते की ही सकाळी कुठे होती, तेवढ्यात बोट खालून खसकन घासली आणि थांबली. ओजसने मागे घ्यायचा प्रयत्न केला. इंजिनाने नुसता गाळ ढवळला. मग बोट सावकाश एका कुशीवर कलली. डबे घरंगळले, लाडू घरंगळले, आतून श्रुतिका ओरडली. कोणाला काही लागलं नाही. पलीकडून मार्वे-मनोरीची फेरी चालली होती, त्यातल्या लोकांनी मोबाइल काढून आमचे फोटो घेतले.

सुयोग डोकं बाहेर काढून म्हणाला, "वाट लागली यार. काल तूच तर ग्रुपवर टाकलं होतंस ना, साडेअकराची ओहोटी म्हणून? मग आत आणलीस कशाला?"

ओजस इंजिन बंद करायला वाकला. सुयोगने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि त्याला काय कळायचं ते कळलं असावं. एका बाजूची वाळू घट्ट होती. तो श्रुतिकाला म्हणाला, चल, तुला जमिनीवर पाय टेकवतो, बरं वाटेल. दोघं घोट्याएवढ्या पाण्यातून शिंपले बघत लांब गेले.

मग आम्ही दोघं त्या तिरक्या बोटीत. मी एका बाजूला घसरू नये म्हणून दोरी धरून बसलेली, तो समोर पाय रोवून. मी पळायला सबंध सकाळ धडपडले होते, आणि शेवटी मीच आम्हाला असं अडकवून ठेवलं होतं की चार पावलं लांब जाऊन उभं राहायचीही सोय नव्हती.

मी विचारलं, "तुला माहीत होतं मी चुकतेय ते?"

"हो बाई."

"मग बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, तुम्ही इतक्या खात्रीने सांगत होतात. सप्तमीला पाणी फार उतरत नाही, त्याला वाटलं होतं कडेकडेने निघून जाऊ. आणि मग खाली बघून म्हणाला की आज मला तुम्हाला नाराज करायचं नव्हतं.

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. श्रेयस असता तर पाहुण्यांदेखत म्हणाला असता, आई, साफ चूक, तू भूगोल शिकवायचीस की पाकक्रिया? हा पोरगा मात्र मला बरं वाटावं म्हणून चार माणसं बसलेली बोट गाळात घालतो. मी त्याला तसं म्हणाले. म्हटलं, उद्या संसारात असंच करशील. शर्मिष्ठा चुकली तरी ठीक आहे म्हणशील, तू स्वतः बुडत असलास तरी ठीक आहे म्हणशील. तुझ्या तोंडाला तिळगूळच चिकटलेला असणार कायम. असल्या गोड माणसाबरोबर राहण्यापेक्षा ती माझ्याकडे आहे तेच बरं. ती माझ्याकडे सुखात आहे.

हे बोलले तेव्हा मला वाटलं की झालं, आता विषय संपला. नकार देण्यासाठी चांगलं सबळ कारण हाताशी आलं होतं आणि ते खोटंही नव्हतं.

एक बगळा आमच्या अगदी जवळ येऊन गाळात चालत होता. मग ओजस मान वर करून म्हणाला, "नाही बाई. ती सुखात नाहीये."

आणि मग त्याने सांगितलं. की तू ऑफिसातून आलीस की लगेच वर येत नाहीस. खाली बागेत, जनरेटरच्या मागच्या बाकावर बसतेस. कधी दहा मिनिटं, कधी बराच वेळ. तिथे बसून तू चेहरा नीट करतेस, वर जाऊन आईंशी काय हसून बोलायचं ते ठरवतेस, आणि मग लिफ्टचं बटण दाबतेस. त्याने हे चुगली करायच्या सुरात सांगितलं नाही. म्हणाला, "तुम्हाला हे आवडणार नाही आणि कदाचित तुम्ही आता नाहीच म्हणाल. पण तुम्ही चुकीचं बोललात, बाई. यावर मी ठीक आहे म्हणणार नाही."

शर्मिष्ठा, तू बाकावर बसतेस तेव्हा मी वर काय करत असते, सांगू? मी दिवे न लावता श्रेयसच्या खोलीत बसलेली असते. तुझी यायची वेळ झाली की उठते, तोंडावर पाणी मारते, सगळे दिवे लावते, टीव्हीवर काहीतरी लावते आणि कढईत फोडणी टाकते. लिफ्टचा आवाज आला की मी गुणगुणायला लागते. चार वर्षं. मला जपावं म्हणून तू बाकावर आणि तुला जपावं म्हणून मी अंधारात. दोघी एकमेकींना तिळगूळ देत बसलोय आणि ओजसला मी बोल लावत होते.

मी रडले. ओजसने रुमाल दिला, त्याला डिझेलचा वास येत होता. मग मी त्याला म्हटलं की मला भीती वाटते. ही भीती मी तुला कधी सांगितली नसती, पण त्याला सांगितली, तेव्हा तुलाही सांगायला हवी. तू गेलीस की श्रेयसबद्दल बोलायला घरात कोणी उरणार नाही, ही ती भीती. त्याला बटाट्याच्या काचऱ्या करपलेल्याच आवडायच्या, हे आता जगात तुला आणि मलाच माहीत आहे. तू दुसऱ्या घरी गेल्यावर हे कोणाशी बोलणार मी?

ओजस म्हणाला, "माझ्याशी बोला ना. डब्यातल्या त्या काचऱ्या मीच खायचो, बाई. पाचवीपासून. करपलेल्या अजिबात आवडायच्या नाहीत त्याला, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलला नाही कधी."

बघ म्हणजे. माझा तो फटकळ पोरगा, तोही मला जपत होता. मला हसूच फुटलं. हसताना बोट आणखी कलल्यासारखी वाटली म्हणून दोरी घट्ट धरली. ओजसही हसला. म्हणाला, मी आज काहीतरी विचारणार होतो, पण आता बोट गाळात घातल्यावर कुठल्या तोंडाने विचारू? मी म्हटलं, विचारू नकोस. जिने विचारायचं तिचं विचारून झालंय, उत्तरही मी तिलाच देईन. मग आम्ही डबे उघडले, सुयोग-श्रुतिकाला हाका मारल्या, आणि चौघं तिरके बसून थालीपीठ आणि दही जेवलो.

पाणी परत आलं ते कळलंही नाही. बाजूची वाळू झाकली गेली, बोट जराशी हलली, मग सरळ झाली. समुद्राकडून वारा सुटला होता, माझ्या फळ्यावरच्या दुसऱ्या बाणाप्रमाणे अगदी. ओजसने मला सुकाणू धरायला दिलं. मी डावीकडे जायचं म्हणून दांडा डावीकडे नेला तर लगेच माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "बाई, चूक. उलट धरा." एवढं तोडून बोलला, आणि मला फार बरं वाटलं. सुयोगने माझा फोटो काढलाय. त्यात मी जीभ बाहेर काढून सुकाणू धरलेलं आहे. तो कोणालाही दाखवायचा नाही.

आता उत्तर.

आधी थोडं रागावते. परवानगी तू माझ्याकडे मागायला नको होतीस. मी नाही म्हटलं तर विषय संपला, असं म्हणून तू सगळं ओझं माझ्या डोक्यावर ठेवून लिफ्टने खाली गेलीस. मी नाही म्हटलं असतं तर तू खरंच पुन्हा विषय काढला नसतास, तो बाक झिजवला असतास आणि मला कधी कळूही दिलं नसतंस. असलं चांगलं वागणं पुरे झालं. यापुढे मला चूक म्हणायचं असेल तर तोंडावर चूक म्हण. ओजसला कालपासून सवय लागली आहे, तुलाही लागेल.

आणि लग्न झाल्यावर मला सामानासारखं नाहूरला उचलून न्यायचा विचार दोघांच्या डोक्यात असेल तर तो काढून टाका. मी इथेच राहणार. नाहूर काही सातासमुद्रापलीकडे नाही. मला वाईट वाटेल, रात्री घर खायला उठेल, ते मी तुला फोन करून सांगेन. मटाराचा भाव सांगणार नाही.

तुझ्या आणि श्रेयसच्या लग्नातली एक गोष्ट माझ्या मनात राहिलेली आहे. मंगलाष्टकं चालू असतात तेव्हा मुलीची आई तिथे उभी राहत नाही. ती बाजूला तुळशीपाशी बसून तुळशीला पाणी घालते. तुझी आई तू कॉलेजात असतानाच गेलेली. तुझ्या मावशीला बसायला सांगितलं होतं, पण ती ऐन वेळी फोटोवाल्याच्या तावडीत सापडली. मी पुढे मुलाची आई म्हणून पैठणी नेसून मिरवत होते, आणि अंतरपाटाच्या पलीकडे तू मान वळवून त्या कोपऱ्यात बघितलंस ते मला दिसलं. तिथे नुसती कुंडी आणि तांब्या होता. मला उठून जावंसं वाटलं होतं. पण मी मुलाकडची होते, कशी जाणार?

तुम्ही दोघं म्हणाल रजिस्टर करू, धांदल नको. करा. पण चार माणसं बोलवा आणि दोन मंगलाष्टकं म्हणायला लावा. ओजसकडे त्याचं कोण मिरवायचं ते मिरवू दे. मला पैठणी नको आणि पुढची खुर्चीही नको. मी आपल्या गॅलरीतली तुळस कुंडीसकट घेऊन येईन. अक्षता पडायच्या वेळी तू मान वळवून कोपऱ्यात बघ. तिथे पाणी घालत मी बसलेली असेन.

तुझी आई,
वसुधा